नव्या घराचं आडनाव: एचेबेरिया ते झेवियर

मुंबईत धोबी तलावाजवळच्या कॉलेजला आपण सहज 'झेवियर्स' म्हणतो. गोव्यात तर कित्येकांच्या नावातच झेवियर असतं. पण ज्याच्यामुळे हा शब्द आपल्याकडे आला, त्या संत फ्रान्सिस झेवियरच्या वडिलांचं ते आडनाव नव्हतं. वडील हुआन दे हास्सो, आई मारिया दे आस्पिलिकुएता. झेवियर हे आईकडून आलेल्या गढीचं नाव. उत्तर स्पेनमधल्या नवार्रा प्रांतात ती गढी आजही उभी आहे, स्पॅनिश लोक तिला हाविएर म्हणतात. १५०६ साली फ्रान्सिस तिथे जन्मला आणि त्या गढीच्या नावाने ओळखला गेला.

गढीचं नाव बास्क भाषेतलं आहे. एचे म्हणजे घर, बेरी म्हणजे नवं. एचेबेरी, नवं घर. शेवटी 'आ' लागला की एचेबेरिया. बास्क आडनावांमध्ये हे अगदी नेहमी भेटणारं आडनाव आहे, आणि त्याच्या फांद्या इतक्या दूरवर गेल्या आहेत की मूळ ओळखूही येत नाही. मेक्सिकोचा एक राष्ट्राध्यक्ष, क्यूबाचा एक हुतात्मा, बिल्बाओचा एक पोलाद कारखानदार आणि एटा या सशस्त्र संघटनेसाठी पहिला खून करणारा तरुण, हे सगळे या ना त्या रूपात 'नव्या घरा'चेच.

स्पेनमध्ये असं आडनाव ऐकलं की पुढचा प्रश्न बऱ्याचदा मनात तयारच असतो: हा राष्ट्रवादी असेल का? बास्क आडनाव म्हणजे बास्क स्वातंत्र्याचा समर्थक, हा हिशोब बाहेरच्यांना सोपा वाटतो. इतिहास पाहिला तर तो कुठेच बसत नाही. आडनावावरून माणसाची बाजू कळत नाही. ते कसं लिहिलंय, यावरून मात्र काही गोष्टी कळतात.

आधी थोडी पार्श्वभूमी. पिरेनिज पर्वताच्या पश्चिम टोकाला, बिस्केच्या उपसागराकाठी बास्क लोकांचा मुलूख आहे. परंपरेने सात प्रांत, चार स्पेनमध्ये, तीन फ्रान्समध्ये. त्यांची भाषा एउस्कारा. आजूबाजूच्या स्पॅनिश-फ्रेंचशीच काय, जगातल्या कुठल्याच जिवंत भाषेशी तिचं नातं सिद्ध झालेलं नाही. त्यामुळे बास्क आडनाव स्पॅनिश गर्दीत लगेच वेगळं ऐकू येतं.

आता घराकडे येऊ, कारण बास्क आडनावाची सगळी मेख तिथेच आहे. जुन्या बास्क खेड्यात नाव माणसाला नसे, घराला असे. घर म्हणजे नुसत्या चार भिंती नव्हेत. जमीन, कुरणावरचा हक्क, गावच्या सभेतली जागा आणि चर्चच्या फरशीखाली घरातल्या मृतांना पुरण्याची ठरलेली जागा, हे सगळं घराच्या नावावर. माणसं येत-जात, घर तिथेच राही. घरात लग्न करून आलेला जावईसुद्धा त्याच घराच्या नावाने ओळखला जाई.

या घराची वाटणी होत नसे. एकच वारस सगळं घेई. काही भागांत तो वारस थोरली मुलगीही असे, आणि फ्रान्सिसच्या आईकडून गढी आली ती अशाच वारशाने. बाकीच्या भावंडांनी आपला हिस्सा किंवा हुंडा घ्यायचा आणि बाहेर पडायचं. कोणी जहाजावर, कोणी सैन्यात, कोणी चर्चमध्ये, आणि पुढे मोठ्या संख्येने अमेरिका खंडात. लॅटिन अमेरिकेत बास्क आडनावं एवढी का दिसतात, याचं निम्मं उत्तर या वारसा पद्धतीत आहे. परदेशी गेला तो धाकटा, बरोबर नेलं ते घराचं नाव. व्हेनेझुएलाचं चलन ज्याच्या नावाने चालतं त्या सिमोन बोलिव्हारचं आडनावही बिस्काया प्रांतातल्या एका छोट्या खेड्याचं नाव आहे.

जुन्या घराशेजारी दुसरं बांधलं की त्याला गावकरी नवं घरच म्हणणार. म्हणून जवळपास प्रत्येक खोऱ्यात एखादं एचेबेरिया होतंच. आपल्याकडे नवघरे आडनावाची सगळी माणसं एकमेकांची भाऊबंद नसतात, तसंच इथेही. सतराव्या-अठराव्या शतकात फ्रान्सच्या बाजूला होआनेस एचेबेरी याच नावाचे दोन नामांकित बास्क लेखक होऊन गेले, एक धर्मगुरू, एक डॉक्टर. गोंधळ होऊ नये म्हणून अभ्यासक आजही एकाला 'सिबुरूचा' आणि दुसऱ्याला 'साराचा' म्हणतात.

गावोगाव उच्चारही बदलतो. पश्चिमेला बिस्कायात बेरीचं बारी होतं, म्हणून एचेबारिया. सुरुवातीचा 'ए' गळाला की चावारी, चावारिया. फ्रान्समध्ये एचेवेरी. आणि नवार्राच्या त्या गढीचं नाव मध्ययुगीन कारकुनांच्या हातून घासत घासत शावियेर झालं. तेव्हाच्या स्पॅनिशमध्ये एक्स या अक्षराचा उच्चार 'श' होता. पोर्तुगीजांनी तो तसाच ठेवला. स्पॅनिशमध्ये पुढे हा 'श' घशात गेला आणि 'ख' आणि 'ह' यांच्या मधला काहीतरी आवाज झाला, तो हाविएर. आपल्याकडचं झेवियर इंग्रजीच्या वाटेने आलेलं.

घराच्या नावाला राजकीय वजनही होतं. १५२६ साली बिस्कायाची जुनी रीतरिवाजांची सनद नव्याने लिहिली गेली. बास्क मुलखात या सनदांना 'फुएरो' म्हणतात आणि त्यांच्यावरून पुढे युद्धं झाली. त्या सनदेने मूळच्या प्रत्येक बिस्कायावासीयाला जन्मतःच उमराव मानलं. नांगर धरणारा असो की लोहार. स्पेनमध्ये त्या काळी उमराव असणं म्हणजे काही करांतून सूट, काही शिक्षांतून सूट, आणि राजाच्या नोकरीचे दरवाजे उघडे. मग सिद्ध काय करायचं? एवढंच, की तुमचा वंश अमुक घरातून निघालाय. म्हणजे घराचं नाव हाच दाखला. पूर्वजांत ज्यू किंवा मुसलमान नाहीत हे सिद्ध करायलाही तोच कामाला येई, आणि ते सिद्ध करणं त्या काळच्या स्पेनमध्ये फार गरजेचं झालं होतं. पुढे बास्क आडनावाभोवती 'शुद्ध रक्ता'ची भाषा आली, तिचं बी इथलं आहे. विसाव्या शतकात कोणी ते शून्यातून काढलं नाही.

फ्रान्सिसनेही पॅरिसमध्ये शिकत असताना आपल्या उमरावपणाच्या दाखल्यासाठी अर्ज केला होता. दाखला मिळेपर्यंत त्याने आयुष्याची दिशाच बदलली होती. पण त्याला पॅरिसला जावं का लागलं, ती गोष्ट खास राजकीय आहे.

नवार्रा हे तेव्हा स्वतंत्र राज्य होतं. १५१२ साली आरागॉनच्या फर्डिनंडने ड्यूक ऑफ आल्बाला पाठवून ते जिंकलं. फ्रान्सिसचे वडील नवार्राच्या राजाचे मोठे अधिकारी, घराणं पराभूत राजाच्या बाजूचं. १५१६ मध्ये राज्य परत मिळवायचा प्रयत्न फसला आणि कार्डिनल सिस्नेरोसच्या हुकमाने नवार्रातल्या तटबंद्या पाडायला सुरुवात झाली. झेवियरच्या गढीचे बुरूज आणि तटही पाडले गेले. फ्रान्सिस तेव्हा दहा वर्षांचा होता, वडील वर्षभरापूर्वीच वारले होते.

१५२१ मध्ये फ्रेंचांच्या मदतीने पुन्हा उठाव झाला. फ्रान्सिसचे थोरले भाऊ त्यात लढले. त्या मोहिमेत पाम्पलोनाच्या किल्ल्यावर तोफगोळा लागून एक सरदार जायबंदी झाला, तो समोरच्या, म्हणजे कास्तीया या स्पॅनिश राज्याच्या बाजूने लढत होता. तोही बास्कच, गिपुस्कोआ प्रांतातला. त्याचं नाव इन्यिगो दे लोयोला, पुढचा संत इग्नेशियस. पुढच्या वर्षी, १५२२ मध्ये, आमायुर या छोट्या किल्ल्यात नवार्राच्या शेवटच्या मोजक्या लढवय्यांनी शरणागती पत्करली. त्यांत फ्रान्सिसचा भाऊ मिगेल होता. १५२४ नंतर माफी मिळून भाऊ घरी परतले, आणि १५२५ मध्ये फ्रान्सिस पॅरिसला गेला. १५२८ मध्ये तिथेच शिकायला आला लोयोला. दोघं एका खोलीत राहिले. ज्या लढाईत एकाच्या भावांचं घराणं मोडलं आणि दुसऱ्याचा पाय मोडला, तिच्या दोन बाजूंच्या या माणसांनी १५३४ मध्ये माँमार्त्रच्या टेकडीवर काही मित्रांबरोबर शपथ घेतली, आणि त्यातून जेझुइट संघ उभा राहिला. बास्क विरुद्ध स्पॅनिश अशी सरळ रेघ मारणाऱ्यांनी या खोलीत एकदा डोकावावं.

फ्रान्सिस ६ मे १५४२ रोजी गोव्यात पोचला. तामिळ किनाऱ्यावरच्या परवर कोळ्यांमध्ये काम करताना त्याने युरोपात लिहिलेल्या १५४४ च्या पत्रात एक वाक्य आहे: त्यांची मातृभाषा मलबारी आणि माझी 'बिस्काइना', त्यामुळे आमचं एकमेकांना कळेना. बिस्काइना म्हणजे बास्क. हे वाक्य बास्क अभ्यासकांना फार मोलाचं वाटतं, कारण नवार्राच्या उमराव घरातला मुलगा आपली भाषा बास्क असल्याचं स्वतःच्या हाताने लिहितो. ३ डिसेंबर १५५२ ला चीनच्या किनाऱ्याजवळच्या शांगच्वान बेटावर तो वारला. शेवटच्या तापात तो सोबतच्या चिनी मदतनीसाला न कळणाऱ्या भाषेत बोलत होता, आणि ती बास्कच असणार, असं बास्क लोक मानतात.

गोव्याच्या हिशोबात दुसरी बाजूही मांडली पाहिजे. १५४६ मध्ये याच फ्रान्सिसने पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आणा असं सुचवलं होतं. त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, १५६० मध्ये ते आलं, आणि अधेमधे काही काळ बंद राहून १८१२ पर्यंत चाललं. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूसमध्ये त्याचं शव आहे आणि भाविकांसाठी तो 'गोंयचो सायब' आहे. परकी सत्ता आपल्या घराचे बुरूज पाडते हे लहानपणी पाहिलेला माणूस मोठेपणी दुसऱ्या परक्या सत्तेबरोबर येतो. यात विसंगती आहे, आणि ती झाकायचं कारण नाही.

आज ३ डिसेंबरला त्याच्या गावी काय होतं? नवार्रा सरकार हा दिवस 'नवार्रा दिन' म्हणून पाळतं. आणि त्याच दिवशी बास्क भाषाप्रेमी 'एउस्कारा दिन' साजरा करतात, तोही याच संताच्या निमित्ताने. नवार्रा हा बास्क देशाचा भाग की स्वतंत्र ओळखीचा स्पॅनिश प्रांत, हा तिथला न संपणारा वाद. दोन्ही बाजूंकडे संत मात्र एकच. १९३६ च्या यादवी युद्धात पुढचा हुकूमशहा फ्रँको याच्या बाजूने लढलेल्या माजी सैनिकांच्या एका संघटनेने १९४० पासून या गढीवर मोठ्या पायी यात्रा नेल्या. आमायुरला १९२२ मध्ये त्या शेवटच्या लढवय्यांचं स्मारक उभारलं, ते १९३१ मध्ये सुरुंग लावून उडवण्यात आलं, १९८२ मध्ये पुन्हा बांधलं. २०११ मध्ये स्वातंत्र्यवादी पक्षांनी स्पेनच्या संसदेची निवडणूक आघाडी करून लढवली, तिचं नावच आमायुर ठेवलं होतं.

आता बिस्काया प्रांतातल्या बिल्बाओत जाऊ. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इथल्या डोंगरातल्या लोखंडामुळे शहराचा चेहराच पालटला. १८८२ मध्ये 'ला बिस्काया' ही पोलाद कंपनी उभी करणारा होता व्हिक्टर चावारी. एचेबारियाचंच आखूड रूप, म्हणजे हाही नव्या घराचा. खाणी आणि भट्ट्यांसाठी स्पेनच्या गरीब भागांतून हजारो मजूर आले. चावारी स्वतः पक्का माद्रिदवादी राजकारणी, निवडणुका कशा जिंकायच्या हे त्याच्याकडून शिकावं असा. बास्क राष्ट्रवादाशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं.

या मजुरांच्या लोंढ्याकडे बघून ज्याचं रक्त उकळलं, तो साबिनो आराना. १८९५ मध्ये त्याने बास्क राष्ट्रवादी पक्ष काढला, तो आजही सत्तेच्या राजकारणात आहे. बास्क देशाचा झेंडा त्याचा आणि त्याच्या भावाचा, 'एउस्कादी' हा देशवाचक शब्दही त्याचाच. आणि आडनावाचा कस लावणाराही तोच. त्याच्या पहिल्या मंडळात पूर्ण सभासद व्हायचं तर आजी-आजोबांची चारही आडनावं बास्क लागत. लग्न ठरवताना त्याने शेतकरी घरातल्या वधूच्या पूर्वजांची आडनावं मागच्या कित्येक पिढ्यांपर्यंत तपासली. बाहेरून आलेल्या मजुरांना तो 'माकेतो' या हेटाळणीच्या शब्दाने हिणवी. सनदी काळात उमरावपणाचा दाखला असलेलं आडनाव त्याने वंशाचा दाखला केलं. गंमत म्हणजे आरानाच्या घरची भाषा स्पॅनिश होती. एउस्कारा तो नंतर, स्वतःच्या जिद्दीने शिकला. पक्षाने पुढे रक्ताची ही अट सोडली, पण विरोधक आजही त्याची आठवण करून द्यायला विसरत नाहीत, आणि ते चुकतात असंही म्हणता येत नाही.

१९३६ चं यादवी युद्ध आलं तेव्हा बास्क आडनावं दोन्ही खंदकांत होती. बिस्काया-गिपुस्कोआ प्रजासत्ताकाच्या बाजूने, नवार्राचे कार्लिस्ट, म्हणजे जुन्या राजेशाहीचे कट्टर समर्थक, स्वयंसेवक फ्रँकोच्या बाजूने. २६ एप्रिल १९३७ ला जर्मन-इटालियन विमानांनी गेर्निका हे बास्क गाव जाळलं, आणि काही आठवड्यांत फ्रँकोने बिस्काया-गिपुस्कोआला 'गद्दार प्रांत' ठरवून त्यांचे उरलेसुरले आर्थिक हक्क काढले. नवार्राचे राहिले.

मे १९३८ च्या एका हुकमाने मुलांची नावं स्पॅनिशमध्येच ठेवणं सक्तीचं झालं. आडनावाला हात लावला नाही, कारण ती आधीच स्पॅनिश लिपीवळणात होती. एचेबेरियातला 'च' स्पॅनिश पद्धतीने सी-एच असा लिहिला जाई, 'ब' बऱ्याचदा व्ही असा. बास्क पद्धतीत तोच 'च' टी-एक्स असा लिहितात. त्यामुळे कागदावर एक माणूस आणि घरात दुसरा, असं दोन पिढ्या चाललं.

याचं सगळ्यात टोकदार उदाहरण म्हणजे फ्रान्सिस्को हाविएर एचेबारिएता. सरकारी कागदावर हे नाव निर्धोक होतं. फ्रान्सिस्को हाविएर म्हणजे फ्रान्सिस झेवियर, स्पेनचा लाडका संत. मित्र त्याला चाबी म्हणत, शाबिएरचं लाडकं रूप. म्हणजे या मुलाच्या पहिल्या नावात नवं घर, आणि आडनावातही नवं घर. बिल्बाओचा, अर्थशास्त्र शिकलेला, कविता करणारा. एटा ही संघटना १९५९ मध्ये विद्यार्थ्यांनी काढली होती, तिच्या नेतृत्वात तो होता. ७ जून १९६८ ला रस्त्यावर गाडीचे कागद तपासणाऱ्या होसे आंतोनियो पार्दिनेस या सिव्हिल गार्डला, म्हणजे स्पेनच्या निमलष्करी पोलिसाला, त्याने आणि त्याच्या साथीदाराने गोळ्या घातल्या. एटाने केलेला हा पहिला खून. पार्दिनेस २५ वर्षांचा, दूरच्या गालिसियातून नोकरीसाठी आलेला. काही तासांनी तोलोसाजवळ सिव्हिल गार्डांनी चाबीला मारलं. तो २३ वर्षांचा होता. पुढे २०११ मध्ये सशस्त्र कारवाया थांबवेपर्यंत एटाने ८०० हून जास्त माणसं मारली. मेलेल्यांत बास्क आडनावाचेही बरेच. त्याच तोलोसात २००० साली हुआन मारिया हाउरेगी या समाजवादी नेत्याला एटाने गोळ्या घातल्या. त्याचं आडनावही बास्कच.

एटाने आरानाची रक्ताची कसोटी मानली नाही, भाषेची आणि लढ्याची मानली. २७ सप्टेंबर १९७५ ला फ्रँकोने शेवटच्या पाच मृत्युदंडांची अंमलबजावणी केली. त्यांतले दोन एटाचे. एक ओताएगी, आडनाव बास्क. दुसरा 'चिकी', म्हणजे हुआन पारेदेस मानोत. हा एक्स्त्रेमादुरा या गरीब प्रांतात जन्मलेला, स्थलांतरित कुटुंबातला, आडनावात बास्क असं अक्षरही नाही. आराना असता तर त्याला दारात उभं केलं नसतं.

या मृत्युदंडांविरुद्ध जगात सगळ्यात मोठा आवाज कोणी उठवला? मेक्सिकोच्या राष्ट्राध्यक्षाने. स्पेनला संयुक्त राष्ट्रांतून निलंबित करा अशी मागणी त्याने केली. त्याचं नाव लुईस एचेव्हेरिया. सी-एच आणि व्हीचा, म्हणजे समुद्र ओलांडून गेलेल्या घराचा. मेक्सिकोने फ्रँकोला कधीच मान्यता दिली नव्हती, त्यामुळे मागणी तशी अचानक नव्हती. पण मागणी करणारा हा माणूस १९६८ मध्ये मेक्सिकोचा गृहमंत्री होता. ऑलिंपिकला दहा दिवस राहिले असताना, २ ऑक्टोबरला, ट्लाटेलोल्कोच्या चौकात सैन्याने विद्यार्थ्यांच्या सभेवर गोळ्या चालवल्या, तेव्हाचा. तो राष्ट्राध्यक्ष असताना १० जून १९७१ ला राजधानीत निमसरकारी गुंडांनी पुन्हा विद्यार्थ्यांना मारलं. हाच माणूस चिलीतल्या लष्करी उठावानंतर तिथला राष्ट्राध्यक्ष आयेंदे याच्या पत्नीला आणि कित्येक निर्वासितांना आसरा देतो, गरीब देशांच्या आर्थिक हक्कांची सनद १९७४ मध्ये संयुक्त राष्ट्रांत मंजूर करून घेतो. २००६ मध्ये त्याच्यावर वंशसंहाराचा आरोप ठेवून नजरकैद झाली, २००९ मध्ये न्यायालयाने सोडलं. २०२२ मध्ये शंभराव्या वर्षी तो गेला. मेक्सिकोत एचेव्हेरिया म्हटलं की बास्क देश कोणालाच आठवत नाही, ट्लाटेलोल्को आठवतं.

क्यूबात याच आडनावाचा अर्थ बरोबर उलटा. होसे आंतोनियो एचेव्हेरिया हा हवानाचा विद्यार्थी नेता. १३ मार्च १९५७ ला बातिस्ताच्या राजवाड्यावर हल्ला झाला, त्याच वेळी त्याने रेडिओ केंद्र ताब्यात घेऊन हुकूमशहा मेल्याची घोषणा केली. बातिस्ता वाचला होता. एचेव्हेरिया विद्यापीठाजवळ पोलिसांच्या गोळ्यांनी पडला. हवानाचं तंत्रज्ञान विद्यापीठ आज त्याच्या नावाने आहे.

१९६८ हे साल आणखी एका कारणाने इथे यायला हवं. चाबीच्या मृत्यूला चार महिने होताहेत, ट्लाटेलोल्को नुकतंच घडलंय, आणि त्याच ऑक्टोबरमध्ये गिपुस्कोआच्या डोंगरातल्या आरान्त्सासू मठात बास्क भाषा अकादमीची परिषद भरली. विषय होता प्रमाण लेखन. बोलीभाषा इतक्या की एका खोऱ्याचं दुसऱ्याला पटत नव्हतं. सूत्रं होती कोल्दो मित्शेलेना या भाषाशास्त्रज्ञाच्या हाती. यादवी युद्धात पकडला गेलेला, मृत्युदंडाची शिक्षा झालेला आणि ती रद्द होऊन वर्षानुवर्षं तुरुंगात राहिलेला हा माणूस. १९५३ मध्ये बास्क आडनावांचा पायाभूत अभ्यासही त्यानेच केला होता. या परिषदेनंतर सगळ्यात मोठं भांडण कशावरून झालं असेल? 'ह' या एका अक्षरावरून. फ्रान्सच्या बाजूचे बास्क तो उच्चारत, स्पेनच्या बाजूचे नाही. प्रमाण भाषेत तो लिहायचं ठरलं आणि जुन्या वळणाच्या लोकांना तो डाव्या तरुणांचा कट वाटला.

फ्रँको १९७५ च्या नोव्हेंबरमध्ये गेला. १९७७ च्या कायद्याने बास्क, कातालान, गालिसियन नावं ठेवायला मोकळीक मिळाली, आणि कागदावरचे कित्येक हाविएर शाबिएर झाले. आडनावाचं लेखन त्या त्या भाषेप्रमाणे सुधारून घेण्याची सोय १९९९ च्या कायद्याने केली. नोंदणी कार्यालयात अर्ज करायचा, सी-एच जाऊन टी-एक्स येतो. ज्याला वाटलं त्याने केला, ज्याला नाही त्याने नाही. म्हणून एकाच घरात आज सी-एचवाला भाऊ आणि टी-एक्सवाली बहीण असू शकते, आणि वडिलांच्या पेन्शनच्या कागदावर तिसरंच काही.

म्हणून लेखनावरून काय कळतं, ते जपून वाचावं लागतं. सी-एच आणि व्ही असेल तर घराणं बहुधा लॅटिन अमेरिकेत किंवा बास्क मुलखाबाहेर वाढलेलं, किंवा कोणी बदलायची तसदी घेतली नाही, किंवा मुद्दाम घेतली नाही. टी-एक्स असेल तर कोणीतरी कधीतरी निवड केलीय, पण ती भाषेच्या प्रेमापोटी असू शकते, शाळेच्या सवयीने असू शकते, राजकारणामुळेही असू शकते. टी-एक्स लिहिणारे सगळे स्वातंत्र्यवादी नाहीत. आणि आज बास्क स्वायत्त प्रदेशात सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव गार्सिया आहे, जे पाहून आरानाने डोकं धरलं असतं. त्यातही मौज अशी की गार्सियाचं मूळच बास्क असावं, असं अनेक भाषाशास्त्रज्ञांचं मत आहे.

शेवटी आजचा एक एचेबेरिया, टी-एक्सवाला. फ्रान्सिस्को एचेबेरिया, सगळे त्याला पाको म्हणतात, १९५७ चा जन्म, गिपुस्कोआतल्या बेआसाइनचा, न्यायवैद्यक तज्ज्ञ. यादवी युद्धात गोळ्या घालून रस्त्याकडेला पुरलेल्या माणसांच्या कबरी स्पेनमध्ये २००० पासून शास्त्रीय पद्धतीने उघडल्या जाऊ लागल्या, त्या कामात तो पहिल्यापासून आहे. चिलीत गायक व्हिक्टर हारा आणि राष्ट्राध्यक्ष आयेंदे यांचे अवशेष तपासणाऱ्या पथकांतही तो होता. मग बास्क सरकारने त्याच्याकडे दुसरं काम दिलं: १९६० ते २०१४ या काळात बास्क प्रदेशात पोलिसांनी केलेल्या छळाच्या तक्रारींचा अभ्यास. २०१७ मध्ये आलेल्या अहवालात ४,००० हून जास्त प्रकरणं नोंदली आहेत, आणि त्यातली बरीच लोकशाही आल्यानंतरची आहेत.